हेडमास्तरांच्या खोलीबाहेरचा लिंकन

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होतं आणि त्याच्या वर भिंतीवर, काचेच्या चौकटीत, अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र टांगलेलं होतं. वसंत बापटांच्या मराठीतलं. शेजारी दाढीवाल्या लिंकनचं रेखाचित्र. उशिरा येणारे, वही विसरणारे, मधल्या सुट्टीत काचा फोडणारे असे ज्यांना ज्यांना त्या बाकावर बसवलं गेलं, त्यांचं ते पत्र आपोआप पाठ झालं. माझं वेगळ्या कारणानं झालं. आठवीत वक्तृत्व स्पर्धेसाठी मराठीच्या बाईंनी ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं आणि मला दुसरा नंबर मिळाला होता. (पहिला जिला मिळाला तिला हे वाचताना हसू येत असेल.)

तीस वर्षांनी भेटायचं ठरलं तेव्हा आपल्या ग्रुपवर कुणीतरी त्याच पत्राचा फोटो टाकला. हृदयाचे, हात जोडल्याचे सतरा बदाम-इमोजी पडले. मी मात्र न राहवून लिहिलं की हे पत्र लिंकननं लिहिलेलंच नाही. पुढे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. शेवटी एकानं विचारलं, मग खरा लिंकन कोण होता ते तरी सांग. स्मरणिकेच्या मंडळींनी ते वाक्य पकडलं आणि माझी मानगूटही. म्हणून हा लेख.

आधी पत्राचं सांगून टाकते. लिंकनची पत्रं, भाषणं, टिपणं, अगदी चिठ्ठ्याचपाट्यासुद्धा अभ्यासकांनी गोळा करून छापल्या आहेत. त्यात हे पत्र नाही आणि लिंकनचा अभ्यास करणारे लोक ते त्याचं मानत नाहीत. बापटांची मराठी सुंदर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाईंबद्दल तर नाहीच नाही.

आता मला हे कुठून कळलं, तर माझ्या नोकरीमुळे. गेली वीसेक वर्षं मी अमेरिकन विमा कंपन्यांच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. कुणी दुकानात पाय घसरून पडतं, कुणाची गाडी कुणाला धडकते, कुणा डॉक्टरवर रुग्ण खटला भरतो. हलगर्जीपणा कुणाचा, भरपाई कुणी द्यायची आणि किती, याचा जो कायदा आहे त्याला आपल्याकडच्या कायद्याच्या पुस्तकात अपकृत्य म्हणतात. आमच्या स्क्रीनवर अशा प्रत्येक दाव्यात एक रकाना असतो: बचावाचा वकील. हे वकील नेमकं करतात तरी काय, हे समजून घेण्यासाठी मी वाचायला लागले आणि वाचता वाचता एका ओळखीच्या चेहऱ्याला येऊन धडकले. लिंकन राष्ट्राध्यक्ष होता चार वर्षं आणि काही आठवडे. वकील होता जवळजवळ पंचवीस वर्षं. आणि त्या पंचवीस वर्षांत तो पूल बांधणाऱ्या कंपनीचा, रेल्वेचा, डॉक्टरांचा बचावाचा वकीलही होता. (अहो-जाहो करायला हवं खरं, पण भिंतीवर रोज दिसणारा माणूस घरचाच होऊन जातो.)

त्याचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, केंटकीतल्या लाकडी ओंडक्यांच्या झोपडीतला. सात वर्षांचा असताना कुटुंब इंडियानात गेलं, पुढे 1830 मध्ये इलिनॉयमध्ये. इथे जमलेल्या शिक्षकांनी ऐकावं असं म्हणजे, लिंकन सगळे दिवस मिळून वर्षभरसुद्धा शाळेत गेला नाही. जी शाळा होती ती मोठमोठ्यानं एकत्र घोकण्याची. बाकी सगळं उसन्या पुस्तकांवर. तरुणपणी त्यानं तराफ्यासारख्या सपाट होडीतून माल भरून मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिन्सपर्यंत दोनदा फेरी केली. हे लक्षात ठेवा, नदी पुढे परत येणार आहे.

न्यू सेलम नावाच्या खेड्यात त्यानं भागीदारीत दुकान काढलं. ते बुडालं, भागीदार वारला आणि दोघांचंही कर्ज याच्या डोक्यावर आलं. ते फेडायला त्याला कित्येक वर्षं लागली. मधल्या काळात पोस्टमास्तरकी, जमीन मोजणीचं काम. 1834 मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. तिथला सहकारी जॉन टॉड स्टुअर्ट यानं त्याला कायद्याची पुस्तकं वाचायला दिली. कॉलेज नाही, क्लास नाही. 9 सप्टेंबर 1836 ला वकिलीची सनद मिळाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो स्प्रिंगफील्डला जाऊन स्टुअर्टचा भागीदार झाला. नंतर स्टीफन लोगन आणि 1844 पासून त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान विल्यम हर्न्डन. हर्न्डनशी भागीदारी अखेरपर्यंत टिकली.

त्याच्या कामाचे म्हणून जे पाच हजारांहून अधिक खटले आणि प्रकरणं सापडली आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त कर्जवसुलीची आहेत. हातउसने, हुंड्या, घोड्याची थकलेली किंमत. फी पाच डॉलर, दहा डॉलर. वर्षातून दोनदा तो न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि इतर वकिलांबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या न्यायालयाच्या मागे निघायचा. आठव्या सर्किटच्या चिखलाच्या वाटा, घोडागाडी, खानावळीत एका पलंगावर दोन-दोन वकील. लिंकनचे पाय पलंगाबाहेर. गावात पोचला की अशील येऊन गाठायचे आणि सकाळी उभं राहायचं. कागद उंच टोपीत. ऑफिसात कागदांचा एक गठ्ठा होता आणि दुसरीकडे कुठे सापडलं नाही तर इथे बघा, अशा अर्थाची चिठ्ठी त्यावर त्यानंच लावली होती. माझ्या लॅपटॉपवर अगदी असाच एक फोल्डर आहे, म्हणून मला तो जरा जास्तच आवडतो.

आता अपकृत्यांकडे येते. एक छोटं प्रकरण आधी, कारण ते आपल्या गावातल्या कुणालाही पटेल. स्प्रिंगफील्डच्या रस्त्याची दुरुस्ती नव्हती, त्यात ब्राउनिंग नावाचा एक रहिवासी पडला आणि त्याचा पाय मोडला. लिंकन आणि हर्न्डन यांनी त्याच्या बाजूनं शहरावर दावा चालवला आणि 1855 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की रस्ता सुस्थितीत ठेवणं ही शहराची जबाबदारी आहे आणि न ठेवल्यास भरपाई द्यावी लागेल. आपल्या स्टँडवरून शाळेकडे येणाऱ्या रस्त्याची आठवण मला तिथेच झाली.

पण लिंकन नेहमी पडलेल्याच्याच बाजूला नसायचा. त्याच वर्षी ब्लूमिंग्टन गावात मोठी आग लागली. सॅम्युएल फ्लेमिंग हा सुतार त्यात सापडला. धुराडं कोसळून त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली. थॉमस रॉजर्स आणि इली क्रॉथर्स या डॉक्टरांनी हाडं बसवली. माणूस वाचला, पाय वाचले, पण एक पाय वाकडा जुळून आला आणि आखूड झाला. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन तो सरळ करायचा प्रयत्न केला, पण वेदना इतक्या झाल्या की फ्लेमिंगनंच थांबवायला लावलं. पुढे त्यानं दोन्ही डॉक्टरांवर दहा हजार डॉलरचा दावा लावला. त्या काळात ही रक्कम म्हणजे डॉक्टर देशोधडीला लागले असते. व्यावसायिकांची चूक भरून देणारा विमा तेव्हा नव्हता. डॉक्टरांचा वकील लिंकन.

त्यानं काय केलं, तर आधी स्वतः विद्यार्थी झाला. हाड कसं वाढतं, कशानं लवचीक राहतं, वयाबरोबर कशानं ठिसूळ होतं हे डॉक्टर क्रॉथर्सकडून समजून घेतलं. क्रॉथर्सनं शिकवायला वापरली कोंबडीची हाडं. मग लिंकननं तीच हाडं ज्युरीसमोर आणली. कोवळ्या कोंबडीचं हाड वाकतं, म्हाताऱ्या कोंबडीचं कटकन मोडतं. शेतकरी आणि दुकानदार असलेल्या ज्युरीला याहून वेगळी शरीरशास्त्राची भाषा लागत नव्हती. फ्लेमिंग कोवळ्या वयाचा नव्हता आणि अशा जखमेला त्या काळचा सरळ उपाय पाय कापणं हा होता, हे त्यानं त्यांच्यापुढे ठेवलं. ज्युरीचं एकमत झालं नाही. खटला दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि अखेर तडजोडीनं मिटला.

फ्लेमिंगबद्दल वाईट वाटतं का? मला वाटतं. सुताराचा पाय गेला म्हणजे पोट गेलं. पण हाताशी असलेल्या ज्ञानानुसार प्रयत्न करणाऱ्याला आणि बेफिकीर माणसाला एकाच मापानं मोजायचं का, हा प्रश्नही खरा आहे. आज माझ्या स्क्रीनवरचे निम्मे दावे याच प्रश्नावर अडलेले असतात.

आता नदी. 1856 च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल सुरू झाला. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडपासून आयोवातल्या डेव्हनपोर्टपर्यंत. बोटी जाव्यात म्हणून त्याचा एक भाग फिरवून उघडता यायचा. बोटवाल्यांच्या डोळ्यांत हा पूल सलत होता, कारण तोवर नदी म्हणजे त्यांची मक्तेदारी आणि सेंट लुईस म्हणजे त्यांची राजधानी. पंधरवडा झाला असेल नसेल, 6 मे 1856 ला एफी ॲफ्टन ही वाफेची बोट त्या उघड्या भागातून वर जाताना वाकडी झाली, पुलाच्या खांबावर आदळली, तिच्यातली शेगडी उलटली आणि बोट पेटली. बोटीबरोबर पुलाचा एक गाळाही जळाला. आसपासच्या बोटींनी म्हणे आनंदानं भोंगे वाजवले. बोटीचे मालक जेकब हर्ड आणि इतरांनी पुलाच्या कंपनीवर दावा लावला: पूल हाच नदीतला अडथळा, म्हणून नुकसान तुम्ही भरा. त्यांच्या पाठीशी सेंट लुईसचे व्यापारी होते. म्हणजे प्रश्न एका बोटीच्या किमतीचा राहिला नव्हता. कंपनी हरली असती तर नदीवर पूल बांधायला पुन्हा कुणी धजावलं नसतं.

कंपनीनं नॉर्मन जड, जोसेफ नॉक्स आणि लिंकन यांना वकील नेमलं. गंमत म्हणजे बोटवाल्यांच्या वकिलांतही एक लिंकन होता, सिनसिनाटीचा टिमथी लिंकन. नात्यातला नव्हे. आपला लिंकन खटल्याआधी स्वतः रॉक आयलंडला गेला. पुलावर बसून, पाय खाली सोडून, त्यानं इंजिनिअरच्या पोराला प्रवाहाबद्दल एकामागून एक प्रश्न विचारले अशी आठवण त्या गावात सांगतात. मला ती खरी वाटते, कारण पुढे कोर्टात त्यानं जे मांडलं ते पाण्याकडे बघितल्याशिवाय मांडता आलं नसतं. आणि हा माणूस नदीला परका नव्हता. होड्या हाकलेला, धरणावर अडकलेला. वाळूत रुतलेली बोट हवेच्या पिशव्या फुगवून वर उचलायची एक युक्ती त्यानं काढली होती आणि 22 मे 1849 ला तिचं पेटंट घेतलं होतं, क्रमांक 6469. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत पेटंट नावावर असलेला तो एकटाच. ते यंत्र कधी बनलं नाही ही गोष्ट वेगळी. आमच्या क्षेत्रात अशी पेटंटं पोत्यानं सापडतील.

खटला शिकागोत सप्टेंबर 1857 मध्ये चालला, न्यायमूर्ती जॉन मॅक्लीन यांच्यासमोर, दोन आठवड्यांहून जास्त. कप्तान, सुकाणूवाले, इंजिनिअर, मोजणीदार अशा साक्षीदारांची रांग. शेवटी लिंकन बोलायला उभा राहिला. मी ते भाषण वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तान्तावरून वाचलंय आणि खरं सांगते, ते भाषण कमी आणि अपघाताचा तांत्रिक अहवाल जास्त वाटतो. प्रवाहाचा वेग किती, बोट किती वेगानं आली, कुठून कुठे गेली, किती वेळात गेली. या सगळ्याचा हिशेब मांडून त्यानं दाखवलं की बोटीचं उजवीकडचं चाक त्या क्षणी नीट चालत नव्हतं, म्हणून ती फिरली. दोष पुलाचा नसून यंत्राचा आणि ते हाकणाऱ्यांचा. पूल नवा असताना पहिल्या काही दिवसांत बोटी वारंवार ठोकरत होत्या, नंतर सुकाणूवाल्यांना सवय झाली आणि ठोकरा कमी होत गेल्या, हेही त्यानं आकड्यांनी मांडलं.

त्याचबरोबर दुसरं माप. 8 सप्टेंबर 1856 पासून 8 ऑगस्ट 1857 पर्यंत त्या पुलावरून मालाचे 12,586 डबे आणि 74,179 प्रवासी गेले होते. नदी हिवाळ्यात गोठून महिनोन्महिने बंद असते, तेव्हा हा पूल चालू असतो. नदीच्या लांबीनं जाणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच ती ओलांडणाऱ्याचा, असा त्याचा मुद्दा होता. प्रतिपक्षाला त्यानं खोटं ठरवलं नाही. सेंट लुईसच्या लोकांना राग का येतो हे समजण्यासारखं आहे, असंही त्यानं सौम्यपणे मांडलं. ज्युरीत नऊ जण पुलाच्या बाजूनं झाले, तीन विरुद्ध. एकमत नाही म्हणून ज्युरी बरखास्त. कागदावर निकाल कुणाचाच नाही, पण पूल जागेवर राहिला. तो राहावा यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात 1862 मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेव्हा पुलाचा जुना वकील व्हाइट हाउसमध्ये बसला होता आणि त्याच वर्षी पॅसिफिकपर्यंत रेल्वे नेण्याच्या कायद्यावर त्याची सही झाली होती.

त्याच 1857 सालात त्यानं आपल्या सगळ्यात मोठ्या अशिलावर दावा लावला होता. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला आपल्या जमिनींवर जिल्ह्यांचा कर द्यावा लागणार की नाही, असा वाद 1853 पासून होता. लिंकनला हे प्रकरण मोठं आहे हे कळत होतं. पण एका जिल्ह्याच्या कारकुनाशी त्याचं आधी बोलणं झालं होतं, म्हणून त्यानं रेल्वेकडे जाण्याआधी त्या जिल्ह्याला कळवलं की तुम्हाला मी हवा असेन तर पहिला हक्क तुमचा. तिकडून काम आलं नाही, मग रेल्वेचं वकीलपत्र घेतलं, अडीचशे डॉलर आगाऊ घेऊन. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो जिंकला आणि कंपनीचा प्रचंड पैसा वाचला. बिल पाठवलं दोन हजारांचं, कंपनीनं ते नाकारलं. तेव्हा याने पाच हजारांचा दावा लावला आणि 4,800 डॉलरचा हुकूमनामा मिळवला. अर्धे हर्न्डनला दिले. आणि नंतरही त्याच कंपनीची कामं करत राहिला! आपल्यापैकी जे स्वतःचा व्यवसाय करतात त्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी पगारदार, मला नुसतं आश्चर्य वाटतं.

इथवर लिहायला मजा आली. पुढचं प्रकरण गाळावं असं एकदा वाटलं होतं.

1841 मध्ये लिंकननं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणीच्या विक्रीचा व्यवहार रद्द ठरवून घेतला होता. या राज्यात प्रत्येक माणूस स्वतंत्रच धरला पाहिजे आणि स्वतंत्र माणसाची विक्री होऊच शकत नाही, या तत्त्वावर. आणि 1847 मध्ये तोच लिंकन कोल्स जिल्ह्यात रॉबर्ट मॅट्सनच्या बाजूनं उभा राहिला. मॅट्सन केंटकीचा गुलाममालक. इलिनॉयमध्ये त्याची शेती होती आणि तिथे राबायला तो गुलामांना घेऊन यायचा. त्यातली जेन ब्रायंट आपल्या चार मुलांना घेऊन पळाली, कारण तिला विकलं जाण्याची भीती होती. हायरम रदरफर्ड या डॉक्टरनं आणि त्याच्या मित्रानं तिला आसरा दिला. मॅट्सननं ती आणि मुलं परत मागितली आणि शिवाय रदरफर्डवर नुकसानभरपाईचा दावा लावला. माझ्या स्क्रीनवरच्या भाषेत सांगायचं तर तो एक अपकृत्याचा दावा होता, आणि नुकसान झालेली मालमत्ता म्हणजे एक बाई आणि तिची चार लेकरं.

रदरफर्ड लिंकनला ओळखत होता. तो त्याच्याकडेच आधी गेला. लिंकननं मॅट्सनच्या बाजूला शब्द दिला असल्याचं सांगितलं. नंतर त्यातून सुटण्याचा प्रयत्न करून त्यानं रदरफर्डला निरोपही पाठवला, पण तोवर रदरफर्डचं मन उडालं होतं, असं रदरफर्डनं पुढे म्हातारपणी सांगितलंय. लिंकन उभा राहिला आणि हरला. जेन आणि तिची मुलं स्वतंत्र झाली.

याचं समर्थन करणारे लोक म्हणतात, वकिलानं शब्द दिला की पाळायचा असतो. काही म्हणतात, त्यानं मुद्दाम कच्चा युक्तिवाद केला. मला दोन्ही पटत नाही. शब्द देण्याआधी विचारता आलं असतं. आणि मुद्दाम हरला असेल तर अशिलाशी बेइमानी झाली, म्हणजे दुसरीच मलमपट्टी. तो चुकला. नऊ वर्षांचा असताना ज्याची आई गेली, त्या माणसाला एका आईची फाइल हाती आल्यावर ती नुसती फाइल वाटली.

हे मी वरच्या पायरीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक नियम प्रोग्रॅममध्ये बसवला होता: ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय कागद आला नाही तर दावा आपोआप बंद. नियम ग्राहकानं सांगितलेला, मी फक्त लिहिला, चाचणी घेतली, दिवसभरात संपवला. पुढे एका तपासणीत बंद झालेल्या दाव्यांची यादी समोर आली आणि त्यात एका बाईच्या दाव्याखाली कुणीतरी टीप टाकलेली होती की ती अजून इस्पितळात आहे, कागद आणायला घरी कुणी नाही. तो दावा पुन्हा उघडला गेला. यादीतल्या बाकीच्यांचं काय, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, दुसऱ्या कामाची मुदत होती.

तर असा वकील 6 नोव्हेंबर 1860 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. पुढचं तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे: यादवी युद्ध, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा, एप्रिल 1865 मधली नाटकगृहातली गोळी. त्यातली एकच गोष्ट सांगते. 1855 मध्ये कापणीयंत्राच्या पेटंटच्या एका मोठ्या खटल्यात लिंकनला वकील नेमलं होतं. त्यानं कारखान्यात जाऊन यंत्र बघून तयारी केली होती. पण सिनसिनाटीला पोचल्यावर एडविन स्टँटन या बड्या वकिलानं या गावठी माणसाला अक्षरशः बाजूला सारलं, बोलूच दिलं नाही. लिंकन मागे बसून सगळा खटला ऐकत राहिला. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी युद्धमंत्री नेमायचा होता तेव्हा त्यानं स्टँटनलाच नेमलं.

11 फेब्रुवारी 1861 ला स्प्रिंगफील्ड सोडताना त्यानं हर्न्डनला सांगितलं की दारावरची लिंकन अँड हर्न्डन ही पाटी काढू नकोस. जगलो वाचलो तर परत येऊन वकिली सुरू करू.

आता पुन्हा शाळेकडे. पत्रातला बाप जितका शिस्तीचा दिसतो, तितका खरा लिंकन अजिबात नव्हता. त्याची धाकटी पोरं ऑफिसात येऊन शाई सांडायची, कागद उधळायची आणि हा काही बोलायचा नाही. हर्न्डन दात खायचा. सगळ्यात धाकटा टॅड बराच मोठा होईपर्यंत धड वाचायला शिकला नव्हता. थोरला रॉबर्ट 1859 मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. (आपल्या बॅचचा विक्रम यापुढे काहीच नाही, नावं घेत नाही.) त्याला तयारीसाठी एक्सेटरच्या निवासी शाळेत घातलं. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण त्याच्याबरोबर शिकणारा गाववाला मित्र जॉर्ज लेथम नापास झाला. रॉबर्टच्या पत्रातून लिंकनला ते कळलं. तेव्हा तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, देश फुटायच्या बेतात होता. तरी 22 जुलै 1860 ला बसून त्यानं त्या परक्या मुलाला पत्र लिहिलं. तुझं कळून मला फार वाईट वाटलं, पण आता सुरुवात केली आहेस तर सोडू नकोस. आज जे सहज आत गेले त्यांच्यापेक्षा तू उद्या मागे राहशील असं या नापास होण्यातून मुळीच सिद्ध होत नाही. अशा आशयाचं.

हे पत्र अस्सल आहे, त्याच्या संकलित लेखनात छापलेलं आहे. हेडमास्तरांना नाही, नापास झालेल्या मुलाला लिहिलेलं. मी त्याचा मराठीत अनुवाद केलाय. बापटांची सर त्याला नाही. मराठीच्या बाईंना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि जुनी चौकट काढायची नाही अशी ताकीद दिली. ती काढायची नाहीच आहे. आताच्या मुख्याध्यापिकांना विचारून घेतलंय, शेजारी जागा आहे. नवी चौकट करून आणते आहे. बाकावर बसणाऱ्याला मान वर न करता वाचता येईल इतक्या खाली लावायची आहे. संमेलनाच्या दिवशी साडेनऊला मी तिथे असेन, कुणीतरी हातोडी आणि दोन खिळे आणा.